साक्षीची रांग

"भुईला पाय नको, माझ्या मैने, भुई तापली तापली
कडेवर बस गं, तुला माझ्या पदराची सावली…"

बिलोलीच्या माहेरी जात्याच्या घरघरीतून उठणारा आईचा तो आवाज पंचवीस वर्षं मागं राहिला होता. तरी लेकीला उचलायला वाकलं, की तो सुमनबाईच्या कानात हटकून जागा व्हायचा. आजही झाला. तिनं पदर खोचला, डावा गुडघा भुईला टेकवला, पंचशीलाच्या काखेत हात घातले आणि एका हिसक्यात लेक कडेवर घेतली. डोक्यावर रिकामं घमेलं, उजव्या हातात भाकरीचं गठुडं. पोरगी नऊ वर्षांची झाली होती. तिची पावलं आता आईच्या पोटऱ्यांना घासत होती.

"माय, गठुडं माझ्याकडं दे."

"तू बस गपगार. माझे हात काय मोडले नाहीत."

वाटेत टँकरपाशी बायकांची रांग होती. हंडे, डबे, फुटकी घागर, जे मिळेल ते मांडलेलं. सुमनबाई आली तशी रांग आपोआप बाजूला सरकली.

"धन्य गं बाई तुझी," नागुबाई म्हणाली. कामावरच्या बायकांची लेकरं सांभाळायला नेमलेली ही म्हातारी. तोंडानं फटकळ, पण लेकरांत लेकरू. "दुसरी असती तर बसवली असती घरात. तू मातर फुलावानी मिरवतीस."

"लेक हाय माझी, मावशी. वझं न्हाई."

तिची मान ताठ झाली. गेली सात वर्षं गाव हेच बोलत आलं होतं आणि सात वर्षं हे ऐकताना तिची मान अशीच ताठ होत आली होती. पंचशीला त्या वेळी मान वळवून बाभळीकडं बघत राहायची. बाभळीवर बघण्यासारखं काही नव्हतं. पान न् पान जळालेलं.

पंचशीला दोन वर्षांची असताना ताप आला, आणि उतरला तो पाय घेऊन उतरला. डावा साफ गेला. उजव्यात थोडी धुगधुगी राहिली. त्या दिवसापासून सुमनबाईनं कुणाकडं मदत मागितली नाही, की लेकीच्या पायाचं कारण सांगून कुणाकडं सवलत मागितली नाही. कडेवर घेऊन शेतात गेली, कडेवर घेऊन लग्नात गेली, शाळेत नाव घातलं तेही कडेवर घेऊनच. अलीकडं तिची कंबर एका बाजूला कलली होती. चालताना ती किंचित वाकडी दिसायची. त्याचाही तिला मनातून अभिमान होता.

*

खडकवाडी हे शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं गाव. घरणी नदीत दोन वर्षं पाणी नव्हतं, वाळू मात्र भरपूर. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष सुरू होतं. शाळेच्या फळीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून त्यावर 'जि. लातूर' रंगवलं होतं. पण उन्हानं रंग उडाला, की खालचं जुनं अक्षर हळूच वर डोकावायचं. शाळेसमोर मुरमाचा एक उंचवटा होता. दुष्काळी कामात गावानं तोच मागून घेतला: उंचवटा कापायचा, मुरूम रस्त्यावर टाकायचा आणि शाळेला मैदान करून द्यायचं. नव्या जिल्ह्याच्या खेळांच्या स्पर्धा निघणार होत्या. मुख्याध्यापक वसंतराव गुरुजींना आपल्या पोरांचा कबड्डीचा संघ त्यात दिसू लागला होता.

कामाची रीत ठरलेली. दर घराला पाच हात लांब, पाच हात रुंद अशी एक चौकडी आखून दिलेली. सगळी चौकडी खोदायची, पण मधोमध मूळ मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवायचा. त्याच्या माथ्यावर जुन्या माळाचं वाळकं गवतसुद्धा तसंच. त्याला साक्षी म्हणत. पूर्वी जमीन कुठवर होती ते ती सांगते. ओव्हरसियर येतो, साक्षीच्या माथ्यापासून खाली फूटपट्टी लावतो आणि किती खोल खोदलं ते वहीत लिहितो. मोजणी झाली की ज्याची चौकडी त्यानंच आपली साक्षी आपल्या हातानं मोडायची. दुसऱ्याच्या साक्षीला कुणी हात लावत नसे. लावला तर ती चोरी.

सुमनबाईचा नवरा केरबा खोदायचा, ती घमेली वाहायची. त्यांची चौकडी पूर्वेच्या कडेला होती. त्या कडेनं ओळीत अकरा चौकड्या. खोदकाम कंबरेएवढं खाली गेलं आणि अकरा साक्षी ओळीनं उभ्या राहिल्या. लांबून बघितलं तर वाटे, शाळेला उशीर झालेली पोरं ओणवी उभी केलीत.

एका दुपारी रस्त्यावर मुरूम टाकून सुमनबाई परतली. सवयीनं लिंबाखाली बघितलं. नागुबाई तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्याजवळ दोन तान्ही झोळीत होती, एक रांगतं लेकरू नागुबाईच्या पदराचं टोक चघळत होतं. पंचशीला नव्हती.

घमेलं हातातून पडलं. "पंचू!" म्हणून ती धावली. आणि उत्तर म्हणून चौकड्यांमधून हसण्याचा एक लोट आला.

तिला आधी लेकीचं फक्त डोकं दिसलं. एका साक्षीच्या वर, गवताला टेकलेलं, केसांत मुरूम. सुमनबाईचा पाय जागीच थबकला. ते डोकं तिनं आजवर आपल्या खांद्याशी पाहिलं होतं, मांडीवर पाहिलं होतं, चटईवर पाहिलं होतं. भुईवर उभं राहिल्यावर ते कुठवर येतं हे नऊ वर्षांत तिला कळलं नव्हतं. एवढी उंच झाली होती लेक!

साक्षीला दोन्ही हातांनी धरून पंचशीला उभी होती. तिच्या पुढं वरच्या आळीतल्या सिद्रामप्पांची नात रुद्राणी हात पसरून उभी, तिच्या पुढं आणखी एक पोर, मग पुढची साक्षी. पंचशीलानं एक हात सुटा केला, रुद्राणीचा खांदा पकडला. उजवा पाय घासत पुढं घेतला, डावा मागून ओढला. मग पुढचा खांदा. मग दुसरी साक्षी.

"ए, तुझा हात सुटला! बाद!" पंचशीला एका पोरावर ओरडली.

"न्हाई सुटला!"

"मी बघितलं ना. जा, लिंबाला शिवून ये."

खेळ त्यांनीच बसवला होता. नाव होतं 'धर गडी'. कशाला ना कशाला हात लागलेला पाहिजे, साक्षीला नाहीतर दुसऱ्या गड्याला. हात सुटला की बाद. पळणाऱ्या पोरांना तो महाकठीण जायचा, कारण त्यांच्या हातांना धरायची सवयच नव्हती. पंचशीला एकदाही बाद होत नव्हती.

सुमनबाई चौकडीत उतरली आणि तिनं लेकीला उचललं. गुडघे फुटले होते, तळहात खरचटून लाल झाले होते.

"काकू, तिचा डाव हाय!" रुद्राणी म्हणाली.

आईच्या खांद्यावरून पंचशीला मागच्या साक्षीकडं बघत राहिली.

*

त्या संध्याकाळी सुमनबाईनं तरटाचे दोन तुकडे कापले, आत चिंध्या भरल्या आणि लेकीच्या गुडघ्यांना नाडीनं बांधून बघितले. केरबा बघत होता.

"उद्या बी सोडणार व्हय तिला?"

"मी न्हाई सोडणार. ती गेलीच तर गुडघे फुटू नयेत म्हणून."

केरबा मिशीत हसला. सुमनबाईनं तरटाचा तिसरा तुकडा त्याच्या अंगावर फेकला.

गुडघ्यांचं झालं, पण हातांचं काय? मुरूम म्हणजे काचेचा भाऊ. धरला की सोलतो. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत सुमनबाईनं पिण्यातलं अर्धा तांब्या पाणी बाजूला ठेवलं. दुष्काळात अर्धा तांब्या म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यात पांढरी माती आणि शेण कालवलं आणि अकराही साक्षींचे माथे हातानं सारवून काढले. चार-चार बोटं जाड थर दिला, कडा गोल केल्या, अंगठ्यानं घोटून गुळगुळीत केल्या. हात फिरत होते तसं तोंडात आपोआप काहीतरी घोळत होतं:

"सारवीते मी गं भुई, माझ्या लेकीच्या हाताला
देवा-धर्माला न्हाई गं, तिच्या कवळ्या तळहाताला…"

सारवण इतकं देखणं झालं की इतर बायका थांबून बघून गेल्या. मुकादम भीमानंही लांबून मान डोलावली. पण त्या घटकेला कुणाच्याही ध्यानात आलं नाही, की साक्षीला माती लावणं म्हणजे काय. ज्या बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नव्हती, तिनं अकरा घरांच्या कामाचा पुरावा आपल्या हातानं लिंपून टाकला होता.

*

शनिवारी ओव्हरसियर विरूपाक्ष मोटारसायकलवरून आला. निलंग्याकडचा तरुण, नोकरीत नवा. शर्टाला इस्त्री आणि जिभेवर नियम. पहिल्या चौकडीशी आला आणि फूटपट्टी हातातच राहिली.

"हे काय आहे?"

त्यानं माथ्यावरून बोट फिरवलं.

"साक्षी सारवल्या? भीमा, हे तुला दिसलं नाही? चार बोटं उंची वाढवलीय. म्हणजे खोदलं कमी आणि मोजायचं जास्त." तो एकेक साक्षी बघत पुढं गेला. "अकराच्या अकरा! सरळ लबाडी आहे ही. मी मोजणी करणार नाही. तालुक्याला कळवतो, काम बंद होऊ दे."

काम बंद म्हणजे मजुरीतल्या गव्हाचं कुपन बंद. अकरा घरांची माणसं टिकाव-फावडी टेकवून उभी राहिली. भीमा मुकादमानं पागोट्यात बोट घालून डोकं खाजवलं. सगळ्यांना ठाऊक होतं हात कुणाचा ते. पण एकाचीही नजर सुमनबाईकडं वळली नाही. त्या न वळलेल्या नजरांचं ओझं तिला लेकीपेक्षा जड गेलं.

ती पुढं आली. "मी सारवल्या, साहेब. माझ्या एकटीच्या हातानं. ह्यांचा काई संबंध न्हाई."

"कशासाठी?"

सांगायचं म्हणजे लेकीचे पाय पुढं करायचे. आजवर तिनं लेकीचे पाय कुणाच्या दारात पसरले नव्हते.

"मुरूम हाताला लागत होता," एवढंच म्हणाली.

"कुणाच्या हाताला? तुम्ही इथं कामाला येता का साक्षी कुरवाळायला?"

"माझ्या हाताला, साहेब."

आवाज लिंबाखालून आला. पंचशीला हातांवर आणि तरटाच्या गुडघ्यांवर येत होती. सुमनबाई झेपावली, पण केरबानं तिच्या दंडाला धरलं. त्यानं भर कामावर असं बायकोला कधी धरलं नव्हतं. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"यिऊ दे तिला," तो हळूच म्हणाला.

पंचशीला पहिल्या साक्षीपाशी आली. माथा पकडला. उठली. अंगाचं पाणी झालं होतं, पण उठली. रुद्राणी न सांगता पुढं जाऊन हात पसरून उभी राहिली, मग दुसरं पोर, मग तिसरं. साक्षी, खांदा, खांदा, साक्षी. कुणी हसलं नाही, कुणी च्च-च्च केलं नाही. सहाव्या साक्षीला ती घटकाभर थांबली, फ्रॉकच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पुढं निघाली. अकराव्या साक्षीपाशी विरूपाक्ष उभा होता. ती त्याच्या समोर येऊन थांबली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ फूटपट्टी छातीशी धरून उभे आहोत.

"साहेब," पंचशीला धापा टाकत म्हणाली, "मायनं वरून लावलंय. खाली गवताची मुळं हायत, काळी रेघ दिसती बगा. तिथून मोजा. खोटं न्हाई व्हायचं."

विरूपाक्ष उकिडवा बसला. चाकूनं सारवणाची खालची कड जराशी खरवडली. खाली खरंच काळपट मुळ्यांची बारीक रेघ होती, जुन्या माळाची. उभ्या माणसाच्या नजरेला ती दिसण्यासारखी नव्हती. ज्याची नजर त्या उंचीला असते त्यालाच दिसणारी.

"सगळ्यांची अशीच आहे?"

"हाव. तिसऱ्याला मायनं जास्ती थापलंय, पाच बोटं. नववीचा कोपरा आधीच ढासळला होता, त्यो आमी पोरांनी लावला. तिथं दुसऱ्या बाजूनं मोजा."

"फूटपट्टीचं हे टोक धरतेस?"

"धरते की."

मग अकराही साक्षींची मोजणी झाली. ओव्हरसियर आकडा बोलायचा आणि पंचशीला रेघेवर बोट ठेवून "बरोबर" म्हणायची. दोनदा तिनं त्याला थांबवून पुन्हा मोजायला लावलं. भीमा मुकादम बाजूच्याच्या कानाशी लागला, "नवा साहेब आला बग जिल्ह्यातून. बाईसाहेब."

सुमनबाई तिथंच उभी होती. तिच्या कलत्या कंबरेवर कुणी नव्हतं आणि त्या मोकळ्या हाताचं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनं तो पदरात गुंडाळून घेतला.

निघताना विरूपाक्ष म्हणाला, "मोजमाप चोख आहे. उद्या साक्षी मोडून टाका. नियम आहे."

*

दुसऱ्या दिवशी एकही साक्षी मोडली नाही.

"काय रे?" विरूपाक्षानं विचारलं.

"पाठ धरली, साहेब," पहिला म्हणाला.

"टिकावाचा दांडा मोडला," दुसरा. दांडा त्याच्या हातात धडधाकट होता.

"आज माझा उपास हाय," भीमा मुकादम म्हणाला. तंबाखू त्याच्या गालात होती.

"उपासाला साक्षी मोडत नाहीत?"

"आमच्यात न्हाई मोडत."

"आणि तू रे केरबा?"

"मालकीण मोडू देईना. तिलाच इचारा."

वसंतराव गुरुजी शाळेच्या ओसरीवरून लगबगीनं आले. पांढरं धोतर, हातात खडूची पेटी. सुट्टीतही खडू सोडवत नव्हता. "अहो, मैदान म्हणजे मैदान! त्यात हे खुंट कसले? पोरं पळणार कुठं? लातूरला संघ न्यायचाय मला. आपल्या तालुक्याचं नाव व्हायला पाहिजे."

"गुरुजी," सुमनबाई म्हणाली. आवाज खालचा होता, पण मागं सरणारा नव्हता. "लेक तुमच्या शाळंत हाय. खेळाच्या तासाला ती काय करती?"

"ती… बसते. ओसरीवर."

"आन्?"

"पोरांच्या चपला राखते. म्हणजे तिलाही काहीतरी काम असावं म्हणून मीच…" गुरुजींची खडूची पेटी या हातातून त्या हातात गेली. पांढरे झालेले हात त्यांनी धोतराला पुसले, ते आणखी पांढरे झाले.

"मी तुमचं मैदान मागत न्हाई. पळणाऱ्यांनी पळावं. पूर्वंची एक कड तेवढी ऱ्हाऊ द्या. एवढंच."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं. मागून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मान खाली गेली नाही.

गुरुजींनी पावलं टाकून मैदान मोजलं. एकदा उभं, एकदा आडवं. मग ओव्हरसियरकडं बघितलं. "पूर्वेला दहा हात सोडले तरी कबड्डी बसते. खो-खोही बसतो."

विरूपाक्षानं वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. साक्षी ठेवल्याचं लिहायला त्या वहीत रकाना नव्हता. मग त्यानं काहीतरी लिहिलं. भीमानं मान लांब करून विचारलं, तेव्हा म्हणाला, "मैदानाच्या पूर्वेस मुरमी कठडा. आता कठडा लिहिलाय तर कठडा करावा लागेल. नुसत्या साक्षी पहिल्या पाण्यात विरघळतील. मधल्या जागा दगडानं भरून काढा. पण ते कामात धरता येणार नाही. तुमचं तुम्ही."

बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. त्या दिवशी बाजाराला कुणीच गेलं नाही. केरबानं खोदकामात निघालेले दगड पहारीनं हलवले, भीमानं ते बसवले. सिद्रामप्पांनी आपली बैलगाडी दिली आणि बैल उपाशी आहेत म्हणून स्वतःच जू खांद्यावर घेतलं. माणसांनी दगड आणले, बायकांनी लिंपलं. बुद्धवाड्यातल्या बायका आणि वरच्या आळीतल्या बायका एकाच मातीच्या काल्याच्या पाटीत हात घालून बसल्या. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ते बघून ठेवलं.

विरूपाक्ष सुट्टीच्या दिवशीही आला. म्हणाला, "मी इकडून सहज चाललो होतो." रस्ता तिथंच संपत होता. त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि नको तिथं नाक खुपसायला सुरुवात केली. "कोपरे गोल करा, पोरं आदळतात. उंची सगळीकडं एक नको. लहानांना खालची, मोठ्यांना वरची. आणि रस्त्यावरून मैदानात उतरायला पायऱ्या कशाला घालताय? उतार करा, उतार. पायरी एकाला चालते, उतार सगळ्यांना."

"म्हाताऱ्यांना बी," नागुबाई म्हणाली. "माझे बी गुडघे गेलेत. मी बी येईन खेळायला. धर गडी."

"मावशी, तुम्ही पहिल्या डावात बाद."

"तू यिऊन तर बघ, मेल्या. साहेब असशील तुझ्या घरचा!"

सगळे हसले. विरूपाक्षाचे कान लाल झाले, पण त्यानं दगड खाली ठेवला नाही.

उंची ठरवायला पंचशीलालाच उभं करत होते. ती हात टेकवायची, मान हलवायची, "आनिक दोन बोटं" म्हणायची, आणि मोठमोठे गडी तिच्या दोन बोटांसाठी दगड काढून पुन्हा बसवायचे.

*

शाळा उघडायच्या दिवशी मैदान बघायला लातूरहून मोठे साहेब येणार होते. गुरुजींनी फळीवर 'जि. लातूर' नव्यानं रंगवलं, चुन्यानं कबड्डीचं अंगण आखलं. पूर्वेच्या कडेनं कठडा मैदानाला कवेत घेऊन वळला होता, रस्त्याच्या उतारापासून थेट शाळेच्या ओसरीपर्यंत.

सुमनबाईनं निळ्या काठाचं लुगडं नेसलं. पंचशीलाला नवा फ्रॉक शिवला होता, केसांना तेल, दोन वेण्या. तरटाचे गुडघे काढून नव्या कापडाचे बांधले. तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि बुद्धवाड्यातून निघाली. आज चाल वेगळी होती. टँकरच्या रांगेतल्या बायका वळून बघत होत्या.

"सुमन, जिंकलीस गं!"

"साहेबांपुढं ने तिला. कळू दे लातूरला, आमच्या गावात कशी माय हाय ती."

"नेते की," सुमनबाई म्हणाली. चेहरा उजळला होता. मनात सगळं ठरलेलं होतं. सगळं गाव बघत असताना मधून चालत जायचं, साहेबांच्या खुर्चीसमोर थांबायचं आणि मग लेकीला कठड्याशी उभी करायची. कडेवर पंचशीला गप्प होती. घाबरली असेल, असं आईला वाटलं. तिनं लेकीला आणखी घट्ट धरलं.

रस्त्यावर माणसं जमली होती. साहेब येऊन बसले होते. पोरं कबड्डीच्या चुन्याभोवती नाचत होती, आणि कठड्यापाशी रुद्राणी हात पसरून आधीच उभी होती. उताराच्या तोंडाशी माणसांनी वाट करून दिली.

"माय, इथंच ठेव मला."

"थांब की. पुढं साहेबांपाशी—"

"इथं."

"फ्रॉकला माती लागंल, बाळा. एवढं तर आलो…"

"माय. ठेव."

आवाजात रडू नव्हतं, हट्ट नव्हता. सुमनबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. बाजूला वळलेलं नव्हतं. थेट तिच्याकडं बघत होतं.

तिनं डावा गुडघा टेकवला. सगळ्या गावासमोर, नव्या लुगड्यानिशी. लेकीचे पाय भुईला लावले. पंचशीलानं आईच्या खांद्यावरचा हात काढला आणि कठड्याचा पहिला दगड धरला. उभी राहिली. क्षणभर डुलली. सुमनबाईचे हात हवेत तसेच राहिले. पुढं गेले नाहीत, मागंही आले नाहीत.

पंचशीलानं एक पाऊल टाकलं. मग थांबली. मागं न बघता, दगडावरचा हात न सोडता, आईशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"लई दिसापासून सांगीन म्हणत होते, माय. तुला वाईट वाटंल म्हणून ऱ्हायलं. तू मला उचलून चाललीस की लोक तुलाच बघत्यात. मी कुणालाच दिसत न्हाई."